उताऱ्यावरचा शेरा

एम.एस्सी.च्या सेमिनारला मला विषय आला: दृष्टिपटलाच्या आजारांत आरएनए मिथायलेशन. त्याच महिन्यात बेळगावात आप्पांच्या डाव्या डोळ्याचं ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, झालं आणि कळलं, साखरेनं पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, सूज आलीय, इंजेक्शनं घ्यावी लागणार. अकरा वर्षं साखर, पण पडदा एकदाही तपासला नव्हता. दिसतंय ना, मग कशाला, असं आम्ही सगळेच म्हणायचो. याचं मला फार वाईट वाटतं. तक्त्यावरची कानडी अक्षरं आप्पांना येईनात, तेव्हा आकड्यांचा तक्ता लावला. वरच्या तीन ओळी जेमतेम वाचल्या.

इकडं माझी व्याख्या पाठ होती: आरएनएतल्या अ‍ॅडेनिन या अक्षराच्या सहाव्या जागी मिथाइल गट चिकटतो, तो एम६ए. अक्षर तेच राहतं. मग फरक कशानं पडतो, ते मात्र मला सांगता येईना.

दुसऱ्या इंजेक्शननंतर खानापूरच्या बसमध्ये बसलो होतो. थेंबांमुळं आप्पांना ऊन सोसत नव्हतं, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत शेताचा उतारा. "तुझ्या त्या भाषणाचं काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

पिशवीकडं बघून मी म्हटलं, "आप्पा, मूळ दप्तर कचेरीत असतंय, ते डीएनए. आपल्या हातात येतोय तो उतारा, आरएनए. त्यावर शेरा पडला की मजकूर तोच, पण पुढचं काम बदलतंय."

"बोजा चढलेली जमीन कोण घेतंय?" आप्पा म्हणाले.

अगदी तेच! शेरा मारणारी प्रथिनांची जोडी मेटल-३ आणि मेटल-१४. खोडणारे एफटीओ आणि एएलकेबीएच-५. हा शेरा १९७४ पासून माहीत होता, पण एफटीओ तो खोडतं हे २०११ मध्ये समजलं. शेरा वाचणारी प्रथिनंही असतात; त्यांतला वायटीएचडीएफ-२ शेरा दिसला की तो आरएनएच मोडीत काढायला लावतो, म्हणजे त्या आरएनएवरून बनणारं प्रथिन कमी होतं.

डोळ्यात हे कुठं येतं? पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात, पेरिसाइट. मधुमेहात त्या मरतात आणि वाहिन्या झिरपू लागतात. मधुमेही उंदरांच्या पडद्यात मेटल-३ वाढलेलं सापडलं. पेरिसाइटना जगायला लागणारे काही आरएनए शेरा पडून मोडीत जात होते. फक्त पेरिसाइटमधलं मेटल-३ काढलं, तेव्हा वाहिन्यांचं नुकसान कमी झालं.

"मग शेरा खोडायचं औषध आलंय काय?"

अजून नाही. आप्पांचं इंजेक्शन व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाला अडवतं, ती वाट वेगळी. शिवाय पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशींना जास्त साखरेत ठेवलं, तर तिथं मेटल-३ उलट कमी झालं आणि वाढवल्यावर त्या पेशी तगल्या. एका पेशीत जे खोडायचं, तेच शेजारच्या पेशीत हवंय. सगळीकडं एकच औषध ओतून कसं चालेल?

सेमिनारला पहिला प्रश्न औषधाचाच आला. मी न अडखळता उत्तर दिलं.

तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी सूज उतरलेली दिसली. आप्पांनी चौथी ओळ वाचली, शेवटच्या आकड्याला जरा थांबून.