एटनाच्या उतारावरची रेड वाइन आणि तिच्यासोबतचं जेवण

एटना रोस्सो, म्हणजे इटलीच्या सिसिली बेटावरच्या एटना ज्वालामुखीच्या उतारावरची रेड वाइन, ग्लासात ओतली की तिचा रंग बघून गैरसमज होतो. फिकट लाल, कडेला विटकरी झाक, पलीकडचं बोट दिसेल इतकी पारदर्शक. पाणचट असेल असं वाटतं. एक घोट घेतला की मात्र हिरड्यांवर तुरटपणा बसतो आणि जिभेच्या कडांना पाणी सुटतं. याचं कारण नेरेल्लो मास्कालेझे हे द्राक्ष. त्याच्या सालीत रंगद्रव्य कमी आणि तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर असतं. म्हणून या वाइनसाठी पदार्थ निवडताना रंग विसरायचा आणि आंबटपणा व तुरटपणा या दोनच गोष्टींकडे बघायचं.

सिसिलीच्या पूर्वेकडच्या या जिवंत ज्वालामुखीची उंची 3,300 मीटरच्या वर आहे. लाल वाइनसाठी सगळ्यात नावाजलेला पट्टा उत्तर उताराचा, लिंग्वाग्लोसापासून सोलिकियाता, पास्सोपिशारो करत रांदाझ्झोपर्यंतचा. इथले बरेचसे मळे 500 ते 900 मीटरवर, काळ्या लाव्हाच्या दगडांनी बांधलेल्या पायऱ्यांवर आहेत. जुन्या वेली मांडवावर नसतात. एकेक वेल चेस्टनटच्या खुंटाला बांधून झुडपासारखी वाढवलेली असते, आणि दोन वेलींमध्ये जेमतेम एक मीटर अंतर. तिथे ट्रॅक्टर शिरत नाही, सगळं हातानं. काही मळ्यांत शंभर वर्षांपलीकडच्या, कलम न केलेल्या वेली अजून फळ देतात, कारण मुळं खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीला वाळूसारखी राखमिश्रित जमीन मानवत नाही.

उंचीचा खरा परिणाम रात्री होतो. दिवसा ऊन कडक, रात्री गारवा. रात्र गार असली की द्राक्षातलं मॅलिक आम्ल हळू खर्च होतं, त्यामुळे साखर भरली तरी आंबटपणा टिकतो. सखल सिसिलीत तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकते, इथे लाल द्राक्षं ऑक्टोबरच्या मध्यानंतरही वेलीवर असतात. धोकाही तिथेच आहे. पावसाला घाबरून घड लवकर उतरवले तर बियांमधलं टॅनिन कच्चं राहतं आणि वाइन कडवट, हिरवट लागते. थांबलं आणि पाऊस आला तर घड कुजतात. त्यामुळे या वाइनच्या बाटलीवरचं वर्ष मी मैदानी वाइनपेक्षा जास्त काळजीनं बघते.

‘लाव्हाची चव’ हे वर्णन मला पटत नाही. दगडातली खनिजं मुळांतून येऊन ग्लासात चव म्हणून उतरत नाहीत. नाशिकची जमीनही लाव्हाचीच, बेसाल्टची, पण तिथल्या लाल वाइनला सहसा कोणी ‘लाव्हाची चव’ चिकटवत नाही. एटना रोस्सोमध्ये आंबट चेरी, संत्र्याची साल, वाळलेला ओरेगॅनो आणि थोडा धुरकट वास जाणवतो. तो द्राक्षाच्या जातीचा, उशिरा पिकण्याचा आणि पिंपाचा एकत्र परिणाम आहे. नव्या ओकच्या छोट्या पिंपात ठेवलेली बाटली मी टाळते. लाकडाचं टॅनिन आधीच्या टॅनिनवर चढतं आणि व्हॅनिलाच्या वासात चेरी हरवते.

लेबल वाचताना दोन गोष्टी. ‘एटना’ या नावाला 1968 मध्ये डीओसी, म्हणजे ठरावीक प्रदेश आणि नियमांशी बांधलेल्या वाइनचा इटालियन दर्जा मिळाला, आणि ‘एटना रोस्सो’मध्ये किमान 80 टक्के नेरेल्लो मास्कालेझे लागतं. सोबत बहुधा मऊ आणि गडद रंगाचं नेरेल्लो कापुच्चो असतं. कोंत्रादा म्हणजे विशिष्ट उताराचं नाव असेल तर द्राक्षं त्याच तुकड्यातली. डीओसीच्या ठरलेल्या हद्दीच्या वर असलेल्या काही उत्तम मळ्यांच्या वाइनवर मात्र फक्त ‘तेर्रे सिचिलियाने’ हे सगळ्या सिसिलीसाठीचं नाव लिहिलेलं असतं. तिला कमी प्रतीची समजू नका.

आपल्याकडे ही वाइन बिघडते ती तापमानानं. 30 अंशांच्या खोलीत ठेवलेली बाटली उघडली तर अल्कोहोल नाकात चढतं आणि आंबटपणा वेगळा पडतो. 15-16 अंश हवेत. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा-बारा मिनिटं पुरे. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बाटलीला सगळीकडून थंडावा भिडत नाही. फ्रिजमध्ये साधारण दोन तास. ग्लास मोठ्या पोटाचा, एका वेळी 125 मिली. चार-पाच वर्षांच्या आतली बाटली अर्धा तास आधी जगमध्ये ओतून ठेवा. दहा वर्षांच्या पुढची असेल तर गाळापुरतीच हलक्या हातानं ओता आणि लगेच प्या, तिचा वास पटकन उडतो.

आता जेवण. एटनाच्या पायथ्याच्या कातानिया शहराचा पास्ता आल्ला नोर्मा या वाइनला नेमका बसतो: तळलेली वांगी, टोमॅटो, तुळशीच्या जातीचं बेसिल आणि वर खारवलेलं रिकोटा चीज. टोमॅटोच्या आंबटपणापुढे मऊ रेड वाइन सपक लागते, ही टिकते. वांग्यानं प्यायलेलं तेल आणि चीजचं मीठ तुरटपणा उतरवतात. लिंग्वाग्लोसाचं सॉसेजही तसंच. ओकच्या ओंडक्यावर सुरीनं बारीक केलेलं डुकराचं मांस, रानबडीशेप, निखाऱ्यावर भाजलेलं. मशरूम करणार असाल तर मीठ नीट घाला, अळणी मशरूमसोबत टॅनिन कडू होतं. मासा हवा असेल तर टोमॅटो, केपर आणि ऑलिव्हमध्ये शिजवलेला ट्यूना, आणि वाइन तरुण, म्हणजे थोड्याच वर्षांची. बांगडा किंवा तारली नको. तेलकट माशाशी वाइनमधलं लोह भिडलं की तोंडात धातूची, शिळ्या माशाची चव येते.

वांग्याचं नातं आपल्या स्वयंपाकात थेट सापडतं. अर्धा किलोचं वांगं विस्तवावर साल करपेपर्यंत भाजून केलेलं भरीत या वाइनसोबत फार छान लागतं: दोन चमचे तेल, सहा-सात लसूण पाकळ्या, मूठभर शेंगदाणे, एकच हिरवी मिरची तीही बिया काढून, आणि मीठ नेहमीपेक्षा किंचित पुढे. दह्यातलं भरीत मात्र जमत नाही. भरल्या वांग्यात गूळ वगळा. पदार्थ गोड झाला की वाइन आंबटढाण लागते. चिंच-गुळाची आमटी त्याच कारणानं बाद. मटण असेल तर पांढरा रस्सा किंवा काळ्या मिरीतलं सुकं. तांबडा रस्सा नको, कारण अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग वाढवतात. थोडं तिखट टळणारच नसेल तर ओकचा स्पर्श नसलेली तरुण बाटली 13 अंशांवर द्या.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तरुण बाटली दोन-तीन दिवस चांगली राहते, आणि दुसऱ्या दिवशी तुरटपणा बराच बसलेला असतो. तेव्हा तिच्यासोबत मुरलेलं पेकोरिनो चीज आणि भाजलेला पाव पुरेसा आहे.