वजनामागं लपलेली गाठ

चिठ्ठीवर एवढंच होतं, चक्कर येते, कॅरोटिड डॉपलर करा, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. सांगलीत चक्कर आली की डॉपलर हा आता रिवाजच झालाय, बहुतेकांत काही निघत नाही, पण चिठ्ठी आली की आम्ही करतो.

आजी 68 वर्षांच्या, तासगावकडच्या. वजन 88 किलो, उंची पाच फुटाच्या आत-बाहेर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 38 च्या आसपास, आणि आपल्या लोकांत 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. टेबलवर आडवं झाल्या झाल्या म्हणाल्या, "मॅडम, उताणं झोपलं की जीव घुसमटतोय, उशी काढू नका." आता मानेच्या सोनोग्राफीला खांद्याखाली उशी घालून मान मागं टाकावी लागते, आणि इथं मुळात मानच सापडत नव्हती, हनुवटी थेट छातीला टेकलेली. शेवटी अर्धवट बसवूनच प्रोब लावला. एरवी थायरॉइडला सपाट तोंडाचा लिनियर प्रोब पुरतो, पण चरबीचा थर जाड असला की चित्र धुरकट येतं, खालचं टोक तर छातीच्या हाडामागं जातं. मग खोलवर बघणारा, गोलसर तोंडाचा कॉन्व्हेक्स प्रोब घ्यायचा, वाकडा करून हाडामागं बघायचं आणि पेशंटला म्हणायचं आवंढा गिळा. गिळलं की थायरॉइड क्षणभर वर येते, तेवढ्यात चित्र फ्रीज करायचं. हे जमायला हात बसावा लागतो, रिपोर्टात त्याची एक ओळसुद्धा येत नाही.

कॅरोटिड ठीक होत्या. पण आजींचा आवाज बसका होता, म्हणून चिठ्ठीत नसलेली थायरॉइडही बघून घेतली. तिसऱ्या का चौथ्या आवंढ्याला डाव्या बाजूची गाठ वर आली. 3.4 सेंमी, घट्ट, काळसर, आडवी कमी आणि उभी जास्त, आत बारीक पांढरे ठिपके. टी-रॅड्सचे, म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याचा संशय मोजायच्या पद्धतीचे, मार्क मोजले तर 10, आणि 7 किंवा जास्त झाले की सगळ्यात वरचा गट. शेजारचा एक लिम्फ नोड, म्हणजे रसग्रंथी, तोपण बरा दिसत नव्हता.

आवाज कधीपासून बसलाय विचारलं तर सूनबाई म्हणाल्या, दिवाळीच्या आधीपासून. घास अडकतो, रात्री घोरतात, दम लागतो, सगळं आधी दाखवून झालेलं. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, वजन कमी करा. गुळण्या दिल्या, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, मध्ये कुठल्यातरी फुल बॉडी पॅकेजमध्ये टीएसएच, थायरॉइडच्या कामाची रक्ततपासणी, केला तो नॉर्मल, म्हणून थायरॉइड ठीक असं घरच्यांनी धरलं. अहो, थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये टीएसएच बहुतेकदा नॉर्मलच असतो! पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत. आणि गळ्याला हात लावून बघायला किती वेळ लागतो? जाड मानेत हाताला सगळं लागत नाही हे मान्य, पण आवाज इतके महिने बसलाय म्हटल्यावर तरी हात लावायचा की नाही.

सुई घालून गाठीतल्या पेशी तपासल्या, पॅपिलरी कार्सिनोमा, थायरॉइडचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, निघाला. दुर्बिणीतून बघितलं तर डावी स्वरतंतू हलत नव्हती. हा कॅन्सर 55 च्या आतल्या माणसात स्टेज दोनच्या वर धरतच नाहीत, वय वाढलं की मात्र हिशोब बदलतो. ऑपरेशन मिरजेत झालं, भूलतज्ज्ञांना नळी घालताना बरीच कसरत करावी लागली म्हणे.

रिपोर्ट घ्यायला मुलगा आला तेव्हा त्यानं विचारलं, "वजनामुळं झालं का?" काय सांगायचं? 2016 साली आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, अतिरिक्त चरबीशी जोडलेल्या 13 कॅन्सरांच्या यादीत थायरॉइड घातलाय. चरबी नुसती साठून राहत नाही, इन्सुलिन, इस्ट्रोजेन, सूज, सगळ्यात ढवळाढवळ करते. पण हे हजारो माणसांचं गणित, एका आजीपुढं ते मांडता येत नाही. मी म्हटलं, धोका वाढला असेल, पण उशीर वजनामुळंच झाला हे नक्की, कारण सगळ्यांना वजनच दिसत होतं.

मग सूनबाई पुढं आल्या, त्यापण अंगानं भरलेल्या. "मॅडम, माझीपण करून टाका की." गळा तपासला, काही लागलं नाही, त्रास काही नाही, सासूशी रक्ताचं नातंही नाही. मी नको म्हटलं. कोरियात सरसकट अशा सोनोग्राफ्या झाल्या, 1993 ते 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचे आकडे पंधरा पट झाले आणि मृत्यूंचं प्रमाण आहे तिथंच राहिलं. हे सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या सेंटरवर जाऊन करून आल्या.

4 मिलीमीटरची गाठ निघाली, टी-रॅड्सचा गट 3. एवढ्याला सुई लागत नाही, परत बघायचीसुद्धा गरज नाही. आता त्यांचा सारखा फोन येतो, वाढली असेल का, काढून टाकायची का. सासूबाईंना मी शोधून दिलं आणि हिला मात्र नको म्हणाले, याचा रागही आहे त्यात. रोज चालता का विचारलं की म्हणतात, "ते राहू दे मॅडम, आधी गाठीचं बघा."