सगळ्यांच्या टास्कबारवर तेच पाच आयकॉन: वाशीच्या ऑफिसातला माझा अनुभव

आमचं ऑफिस वाशीला, काम कस्टम क्लिअरन्सचं. न्हावा शेवाला जहाज लागलं की कागदपत्रांची घाई रात्रीही चालते, त्यामुळे टेबलं कमी, माणसं जास्त आणि दोन्ही पाळ्यांना तीच मशीन्स. सकाळी अकाउंट्सचे काका बसतात त्या खुर्चीत संध्याकाळी डॉक्युमेंटेशनचा मुलगा असतो. लॉगिन मात्र प्रत्येकाचं वेगळं.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून आम्ही विंडोज 11 ची नवीन मशीन्स घेतली. सिस्टीमचं काम माझ्याकडे. पहिल्याच सकाळी काकांची हाक आली, "अगं, माझं टॅली कुठे गेलं?" टॅली मशीनमध्येच होतं, पण खालच्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर, विंडोजचे मूळचेच आयकॉन दिसत होते. एकेका मशीनवर उजवं क्लिक करून पिन करत, म्हणजे आयकॉन पट्टीवर कायमचे लावत बसायचं म्हटलं, तर जितकी मशीन्स गुणिले जितकी माणसं तितक्यांदा ते करावं लागलं असतं. कारण पिन मशीनचे नसतात, युजरचे असतात. शॉर्टकट त्याच्या प्रोफाइलमधल्या 'युजर पिन्ड' फोल्डरात आणि त्यांची नोंद त्याच्याच रजिस्ट्रीत (विंडोज जिथे सेटिंग्ज ठेवतं तिथे), टास्कबँड नावाच्या कीमध्ये. नुसता फोल्डर कॉपी केला तर आयकॉन दिसत नाहीत, कारण नोंद तिथे नसते. युजरची सेटिंग्ज त्याच्यामागे प्रत्येक मशीनवर नेणारं रोमिंग प्रोफाइल आमच्याकडे नाही. आणि स्क्रिप्टमधून टास्कबारवर पिन करायची सरळ सोय मायक्रोसॉफ्टने मुद्दामच ठेवलेली नाही, नाहीतर प्रत्येक सॉफ्टवेअर तिथे आपणहून येऊन बसलं असतं. मला ते पटतं.

मार्ग आहे तो एक्सएमएल फाइलचा, म्हणजे ठरावीक खुणांत लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलचा. त्यात हवे ते ॲप क्रमाने लिहायचे आणि ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीन्सना एकाच जागेवरून नियम लावायची विंडोजची सोय) 'स्टार्ट मेनू अँड टास्कबार'खालच्या 'स्टार्ट लेआउट'ला त्या फाइलचा पत्ता द्यायचा. फाइल सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरवर ठेवली, सगळ्यांना फक्त वाचायची परवानगी देऊन. फाइलमध्ये 'रिप्लेस' लिहिलं की विंडोजचे मूळचे आयकॉन जातात, पण माणसाने स्वतः लावलेले तसेच राहतात. माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. दिवसभर त्या पट्टीवर बोट ठेवून काम करणाऱ्याची सवय मोडायचा हक्क सिस्टीमवाल्याला नाही.

खरं काम शॉर्टकटचं निघालं. ॲपचा पत्ता म्हणजे त्याच्या शॉर्टकटचा पत्ता. तो एका अक्षराने चुकला किंवा शॉर्टकट एकाच युजरच्या स्टार्ट मेनूत असला, तर बाकीच्यांकडे तो आयकॉन गुपचूप येतच नाही, एररही दिसत नाही. टॅलीचा शॉर्टकट आमच्याकडे फक्त डेस्कटॉपवर होता. तो आधी प्रोग्रॅमडेटा फोल्डरातल्या, सगळ्या युजरना दिसणाऱ्या सामायिक स्टार्ट मेनूत ठेवला, मग फाइलमध्ये लिहिला. फाइल एक्सप्लोररसाठी शॉर्टकटऐवजी ॲपचा आयडी दिला. असे आयडी पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत, 'गेट-स्टार्टॲप्स' चालवलं की समोर येतात. आइसगेट, म्हणजे कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल, हवं होतं सगळ्यांनाच, पण ती पडली वेबसाइट. वेबसाइटचा इंटरनेट शॉर्टकट टास्कबारवर चालत नाही, म्हणून एज ब्राउझरचाच शॉर्टकट करून त्यापुढे आइसगेटचा पत्ता लिहिला. टॅली, एक्सेल, आउटलुक, फाइल एक्सप्लोरर आणि आइसगेट, एवढेच पाच. आणखी दोन-तीन सुचवले गेले, मी नाही म्हटलं. ज्याला लागेल तो आपापलं लावेल.

लॉग आउट करून पुन्हा लॉगिन केल्यावर पट्टी हवी तशी आली. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचच्या ताई म्हणाल्या, "मी टॅली वापरतच नाही, काढून टाकते तर ते परत येतं." बरोबर होतं त्यांचं, पॉलिसी पुन्हा लागू झाली की काढलेला पिन परत बसतो. त्यावर उपाय एक्सएमएलमध्येच आहे. विंडोज 11 मध्ये प्रत्येक पिनला 'पिनजनरेशन' नावाचा आकडा देता येतो. तो दिला की युजरने काढलेला आयकॉन काढलेलाच राहतो, आणि सगळ्यांकडे परत आणायचा असेल तेव्हा आकडा एकाने वाढवायचा. सगळ्या पिनना 1 दिला आणि ताईंना सांगितलं, "आता काढा, परत येणार नाही."

तुर्भ्याच्या गोदामातलं मशीन डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेल्या मशीन्समध्ये, नाही. तिथे तीच फाइल सी ड्राइव्हवर ठेवून लोकल ग्रुप पॉलिसीत, म्हणजे त्याच मशीनपुरत्या, पत्ता दिला. मशीनवर विंडोज प्रो होतं म्हणून जमलं. होम एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर मिळत नाही, तेव्हा मशीन घेतानाच एवढं विचारून घ्या.