बघू म्हणजे नाही

टूर मॅनेजरने पॅक्सला तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. पॅक्स म्हणजे तुम्ही, पैसे भरून आलेले पाहुणे. म्हणून आम्ही 'बघू' म्हणतो. बघू काका, बघू काकू, उद्या बघू, लंचनंतर बघू. पन्नास टक्के लोकांना अर्थ लगेच कळतो, उरलेल्यांना दोन-तीन दिवसांत. नाशिकरोडच्या काकूंना तो शेवटपर्यंत कळला नाही, किंवा कळला होता आणि त्यांनी कळून घेतला नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

2019 चा जून, प्राग, 41 जण आणि मी. सकाळी हॉटेलात ब्रेकफास्टला (हॉटेल अर्थातच शहराबाहेर, गावातली हॉटेलं आमच्या बजेटमध्ये बसत नाहीत, ब्रोशरवर फोटो मात्र पुलाचा) काकू माझ्या टेबलाशी आल्या. सत्तरीच्या आसपास, सुती साडी, वर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज. म्हणाल्या, "ताई, इथे बाळ येशूचं देऊळ आहे ना, तिथे मला अर्धा तास जायचंय."

नाशिकच्या लोकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. नाशिकरोडला बाळ येशूचं चर्च आहे, फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते आणि गर्दी नुसती ख्रिश्चनांची नसते, सगळ्या जातीधर्माची माणसं नवस बोलायला नि फेडायला येतात. ज्या मूर्तीवरून ही भक्ती निघाली ती मूळ मूर्ती प्रागमध्ये आहे. जेमतेम दीड फुटाची, मेणाची, स्पेनहून आलेली, 1628 मध्ये एका सरदार घराण्यातल्या बाईने कार्मेलाइट साधूंना दिलेली. आमच्या आयटिनररीत ती नाही. मी म्हटलं, "बघू काकू, लंचनंतर."

आता प्रागचा आमचा दिवस कसा असतो ते थोडक्यात. कोच वर किल्ल्याच्या मागच्या अंगाला सोडतो, लोकल गाइड, कानात व्हिस्पर (गाइडचं बोलणं ऐकवणारं यंत्र), तेव्हा असायची ती सिक्युरिटीची रांग, सेंट व्हायटस कॅथीड्रल (1344 ला सुरू, 1929 ला पूर्ण, यावर दर बॅचमध्ये कोणीतरी 'आपल्याकडच्या मेट्रोसारखं' हा जोक करतंच), मग उतारावरून चालत खाली, चार्ल्स ब्रिज, ओल्ड टाउन, घड्याळ, इंडियन जेवण, फ्री टाइम, संध्याकाळी बोट. बाहेरच्यांना कळत नाही ती गोष्ट म्हणजे हा सगळा दिवस आमच्यासाठी बाथरूमभोवती फिरतो. कुठे आहे, 20 क्राउनचं नाणं कोणाकडे आहे, रांग किती. शिवकालीन किल्ल्यांवर चढलेली माणसं इथे टॉयलेटला पैसे पडतात म्हणून खवळतात.

पुलावर मात्र मी गाइडला बाजूला सारून स्वतः बोलते, त्याचा मला जरा गर्वच आहे. पायाभरणीचा मुहूर्त ज्योतिषांनी काढून दिला होता म्हणतात, 1357 साली, 9 तारीख, 7 वा महिना, पहाटे 5:31. आकडे ओळीने लिहा, 1 3 5 7 9 7 5 3 1, उलटसुलट कसंही वाचा तेच. आपल्या माणसाला 30 पुतळ्यांपेक्षा हा मुहूर्त जास्त आवडतो, सगळे बोटांवर मोजत उभे राहतात, तेवढ्यात माझा हेडकाउंट होऊन जातो.

त्या दिवशी तो 41 भरला. आणि पुलावर यायच्या आधी आम्ही खालच्या चौकातून गेलो होतो, जिथून बाळ येशूचं चर्च पाच मिनिटांवर आहे, उजवीकडे वळलं की सरळ रस्ता. मला माहीत होतं. मी गप्प बसले, कारण एकीला सांगितलं तर पंधरा जणी निघतात आणि दुपारी एकचं घड्याळ चुकतं.

घड्याळाचं काय सांगू. 1410 चं यंत्र, अजून चालतंय, गेल्याच वर्षी दुरुस्त होऊन परत लागलं होतं. तासाला सापळा घंटा वाजवतो, वर दोन खिडक्यांतून बारा शिष्य फिरून जातात, सोन्याचा कोंबडा आरवतो, खेळ खलास. "एवढंच?" हा शब्द मी तिथे जितक्यांदा ऐकलाय तितका कुठेच नाही. मी आधीच सांगते, वर बघताना हात पर्सवर ठेवा, शिष्य तुम्हाला बघत नाहीत, पाकीटमार बघतात.

पाकीट त्या दिवशी कोणाचं मारलं गेलं नाही. जे झालं ते काउंटरवर, पावतीसकट झालं. सव्वादोनला, जेवण उरकून सगळे फ्री टाइमला पांगत होते, काकू हातात कापडी पिशवी घेऊन रेस्टॉरंटच्या दाराशी माझी वाट बघत उभ्या, आणि ठाण्याचे एक काका घाम पुसत आले. क्रिस्टलचा ग्लास सेट घ्यायचा म्हणून यांनी पुलावरून उतरल्यावर जी गल्ली लागते तिथे बाराच्या सुमारास 400 युरो बदलले होते. बाहेर बोर्ड '0% कमिशन'. मिळाले 6,600 क्राउन. साडेसोळाचा रेट! तेव्हा खरा भाव पंचवीसच्या वर चालू होता, म्हणजे दहा हजारांच्या वर यायला हवे होते. रुपयात अकरा हजाराच्या आसपास फटका. मी बसमध्ये दोनदा माइकवर सांगितलं होतं, रस्त्यावर पैसे बदलू नका, कार्ड वापरा. काका तेव्हा झोपले होते. माइकवर काही सांगितलं की निम्मी बस झोपते आणि पुढचा टॉयलेट स्टॉप कधी हे वाक्य आलं की टक्क जागी होते.

पण मला एक गोष्ट माहीत होती आणि तिचा मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्याच वर्षी एप्रिलपासून तिथे नवा कायदा लागला होता. पैसे बदलल्यावर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, 1,000 युरोपर्यंत, पावती दाखवायची. म्हटलं काका, पावती? पावती मिसेसच्या पर्समध्ये. मिसेस कुठे? वेन्सेस्लास चौकात, बाटामध्ये. (बाटा मूळची झेक कंपनी, तिथे 1929 ची सात-आठ मजली काचेची बिल्डिंग आहे, हे कळल्यावर आमचे लोक आपल्याच घरचं कोणीतरी भेटल्यासारखे आत शिरतात.) मी काकूंना म्हटलं, "काकू, पाचच मिनिटं, आलेच," आणि धावले.

पावती मिळाली, वेळ 11:52. परत गल्लीत पोचलो तेव्हा दोन चाळीस. काचेमागच्या मुलाने आधी इंग्लिश येत नसल्यासारखं केलं. मग मशीन बंद आहे. मग मॅनेजर नाहीये. मी फोनवर झेकमध्ये लिहून ठेवलेलं वाक्य काचेला लावलं, आमच्या लोकल गाइडने दिलेलं, आणि म्हटलं, ठीक आहे, मी इथूनच झेक नॅशनल बँकेला फोन करते. या लोकांवर लक्ष ठेवायचं काम त्या बँकेचं आहे. मशीन चालू झालं. पण नोटा मोजल्या तर 180 क्राउन कमी! काका-काकींनी मधल्या वेळात दोन ट्रडेल्निक खाल्ले होते, ती निखाऱ्यावर भाजलेली साखरेची नळी, दुकानावर 'जुनी बोहेमियन' लिहिलेलं असतं पण प्रागच्या गल्ल्यांत ती आली या वीस-पंचवीस वर्षांत. 180 मी माझ्या खिशातून घातले. दोन सत्तेचाळीसला आठ कोऱ्या पन्नासच्या नोटा काचेखालून सरकून आल्या. त्या क्षणी मला वाटलं आपण जगातल्या सर्वोत्तम टूर मॅनेजर आहोत.

आणि इथे खरी गोष्ट आहे, जी मी ऑफिसच्या रिपोर्टमध्ये लिहिली नाही. मी तीनच्या सुमारास रेस्टॉरंटपाशी परत आले. काकू नव्हत्या. मी म्हटलं गेल्या असतील नणंदेबरोबर शॉपिंगला, चला सुटलो. काकांना क्रिस्टलच्या दुकानात नेऊन सोडलं, कार्डाने पैसे भरा म्हटलं, आणि समोर बसून कॉफी घेतली. वीस मिनिटं. पाय दुखत होते हे खरं, पण मेट्रोचं एक स्टेशन आणि दोन ट्रामचे थांबे एवढंच अंतर होतं. वीस मिनिटांत पोचले असते.

साडेचारला जान हुसच्या पुतळ्याखाली सगळे जमले. चाळीस. परत मोजलं. चाळीस. नणंद शांतपणे म्हणाली, "वहिनी गेली की देवाला. ताई कामात आहेत, मी होते पुढे, म्हणाली."

काकूंच्या फोनला रोमिंग नाही, भाषा मराठी आणि थोडी हिंदी. पाचची बोट बुक. ड्रायव्हर क्रोएशियन, सकाळी साडेसातला निघालेला, म्हणजे साडेआठच्या आत बस हॉटेलला उभी हवी, पुढे अकरा तासांची रेस्ट, सकाळी व्हिएन्ना. यात टॅकोग्राफ, म्हणजे ड्रायव्हरचे तास नोंदवणारं बसमधलं यंत्र, कोणाचं ऐकत नाही. ग्रुप सोडून टूर मॅनेजरने जायचं नाही हा आमच्याकडे देवाज्ञेसारखा नियम. ग्रुपमध्ये एसटीत ट्रॅफिक कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले एक काका होते, त्यांच्या हातात लिस्ट आणि झेंडा दिला. ते म्हणाले, "तुम्ही निघा मॅडम, गणपतीत चिपळूणच्या जादा गाड्या सोडल्यात मी." आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा शिस्तीत त्यांनी लोकांना बोटीत चढवलं.

मेट्रोत एक स्टेशन, मग 22 नंबरची ट्राम. सव्वापाचला मी चर्चच्या पायऱ्या चढले. आत गार, मेणाचा वास, उजव्या हाताला संगमरवरी वेदी आणि काचेत तो एवढासा बाळ, डोक्यावर मुकुट, अंगात हिरवा झगा. समोरच्या बाकावर काकू. स्पोर्ट शूज काढून बाकाखाली नीट जोडून ठेवलेले.

मी रागावणार होते. खरंच तयारी करून आले होते. त्यांनी वळून बघितलं नि म्हणाल्या, "आलात? बसा. मला माहीत होतं, तुम्ही बघू म्हणाला होतात."

दोन तास त्या तिथे माझी वाट बघत बसल्या होत्या. येताना नाशिकरोडच्या बाळ येशूचा खिशात ठेवायचा फोटो दाखवत आल्या, एका मुलीने ट्राममध्ये बसवून दिलं, कंडक्टर नाही म्हणून तिकीट काढलं नाही, याची त्यांना फार टोचणी लागली होती. पिशवीत झबलं होतं. येवल्याच्या पैठणीचं, जांभळं, त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या पैठणीच्या पदराजवळचं कापड. माप भाच्याने नेटवरून काढून दिलेलं. मागून पूर्ण उघडं, चार नाड्या, म्हणजे मूर्तीला घालता यावं. आतून मलमलचं अस्तर, कारण "जर टोचते बाळाला."

या मूर्तीला जगभरातून कपडे येतात, मारिया थेरेसा राणीने 1743 मध्ये दिलेला झगासुद्धा वरच्या म्युझियममध्ये आहे. पण म्युझियम तोवर बंद झालं होतं आणि द्यायचं कोणाकडे ते सांगायला कोणी नव्हतं. वेदीपाशी एक म्हातारी बाई फुलं बदलत होती, इंग्लिश शून्य. मी फोनवर ट्रान्सलेट करायला लागले तोवर काकू अनवाणी पुढे गेल्या आणि झबलं तिच्या हातात दिलं. तिने ते उलटं केलं, नाड्या बघितल्या, मान हलवली. जरीच्या मोरावरून अंगठा फिरवला. मग अस्तर बघितलं आणि काकूंचा हात धरून काहीतरी बरंच बोलली, काकू मराठीत बोलल्या, दोघींचं झालं. तिने झबलं फुलांच्या कागदात गुंडाळलं आणि बाजूच्या दारातून आत गेली. माझ्या तोंडात आलं होतं, काकू, काहीतरी लिहून घ्या, कोणाकडे दिलं ते. दिवसभर पावती पावती केलं होतं ना. बोलले नाही.

नवस कशाचा ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. परतताना तिकीट मात्र दोन माणसांची चार काढायला लावली, येतानाची भरपाई म्हणून.

सहा दहाला आम्ही धक्क्यावर, बोट नुकतीच लागलेली. साडेआठच्या आत हॉटेल. ठाण्याच्या काकांनी फीडबॅक फॉर्मवर 'टूर मॅनेजर' समोर 'ॲव्हरेज' वर टिक केली, शेऱ्यात लिहिलं, शॉपिंगला पुरेसा वेळ दिला नाही. काकूंनी सगळीकडे 'एक्सलंट', अगदी बंद पडलेल्या एसीलासुद्धा. ऑफिसने मला बोटीवर ग्रुप एकटा का सोडला म्हणून लेखी विचारलं, मी लेखी माफी मागितली. आयटिनररीत अर्धा तास चर्च घाला असंही त्यात लिहिलं होतं, त्यावर उत्तर आलं, बघू.

मधे कोविडची वर्षं गेली. त्यानंतर दर बॅचला मी खालच्या चौकात सांगते, उजवीकडे पाच मिनिटांवर बाळ येशू आहे, ज्यांना जायचंय त्यांनी हात वर करा. तीन-चार हात वर होतात, घड्याळ दोनचं बघतो. मूर्तीचे कपडे तिथल्या नन्स चर्चच्या कॅलेंडरप्रमाणे बदलतात, एवढं मी आता शिकलेय. उन्हाळाभर साधे दिवस, हिरवा. मी जाते तेव्हा नेहमी हिरवाच असतो. जांभळा असतो तो नाताळच्या आधीचे काही आठवडे आणि मग ईस्टरच्या आधी, साधारण होळीच्या सुमारास. तेव्हा आमच्या युरोपच्या टूर्स नसतात.