सच्छिद्र टायटानिया आणि कोल्हापूरचा पावसाळा

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सिलिका एअरोजेलवर (अतिशय हलक्या, सच्छिद्र सिलिकावर) वर्षानुवर्षं काम झालंय, त्यामुळे सॉल-जेल (द्रावणातून आधी जेल आणि मग घन ऑक्साइड बनवण्याची पद्धत) हा शब्द कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. टायटानिया, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, मात्र सिलिकासारखा सोशिक नाही. फेब्रुवारीत सुरेख जमलेलं प्रमाण जुलैत, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की बिघडतं. दोष बहुतेक वेळा भट्टीला दिला जातो. माझ्या मते खरा निकाल त्याआधीच, वाळवताना लागलेला असतो.

आपल्याला हवी आहेत २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रं, म्हणजे मेसोपोर. साचा म्हणून प्लुरोनिक एफ-१२७ हे पॉलिमर: त्याच्याभोवती ऑक्साइड जमतं, आणि शेवटी ते जाळून टाकलं की त्याच्या जागी छिद्रं उरतात. १.१ ग्रॅम एफ-१२७ १५ ग्रॅम निर्जल इथेनॉलमध्ये, गरज पडल्यास ४० अंशांपर्यंत कोमट करून, पूर्ण विरघळू द्या. दुसऱ्या कोरड्या बीकरमध्ये ५.२ ग्रॅम टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड घेऊन जोरात ढवळत त्यात ३.२ ग्रॅम तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने सोडा. मिश्रण तापतं, धूर येतो. हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात). दहा मिनिटांनी ते पॉलिमरच्या द्रावणात ओता आणि काही तास ढवळा.

आम्ल इतकं का? ३७ टक्के आम्लातून टायटॅनियमच्या दर अणूमागे पाण्याचे साधारण सहा रेणू येतात. ते पाणी एकटं असतं तर ऑक्साइडचा पांढरा साका लगेच खाली बसला असता. तीव्र आम्लामुळे टायटॅनियमचे कण एकमेकांना जोडले जाण्याचा वेग मंदावतो आणि पॉलिमरभोवती रचना जमायला वेळ मिळतो. हे तयार द्रावण, म्हणजे सॉल, पारदर्शक हवं. दुधाळ झालं तर टाकून द्या, ते सुधारत नाही. आयसोप्रोपॉक्साइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरली असेल तर झाकणातून दमट हवा आत गेली आहे असं समजा.

आता वाळवणं. सॉल पेट्री डिशमध्ये एक-दोन मिलिमीटरच्या थरात पसरा. इथेनॉल आणि आम्ल उडत जातं तसे पॉलिमरचे गोळे ओळीत बसतात, आणि त्या वेळी थरात किती पाणी राहतं हे बाहेरची आर्द्रता ठरवते. हवा फार कोरडी असेल तर थर लवकर घट्ट होऊन रचना वेडीवाकडी राहते. फार दमट असेल तर पॉलिमर आणि ऑक्साइड वेगळे होऊन थर डागाळतो. ७०–७५ टक्क्यांच्या आसपास काम सोपं जातं. आर्द्रता राखणारी महागडी चेंबर नसली तरी चालतं: बंद डेसिकेटरमध्ये (घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात) शुद्ध मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, २५ अंशांना ७५ टक्के मिळतात. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहायला हवं. खडेमीठ नको, त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड आर्द्रता खाली ओढतं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं तेही त्यामुळेच. ५३ टक्के हवे असतील तर मॅग्नेशियम नायट्रेट वापरा. आत एक स्वस्त हायग्रोमीटर ठेवाच.

दोन दिवसांनी ६० अंशांना एक दिवस, मग १३० अंशांना काही तास. आम्लाच्या वाफांनी ओव्हनचं स्टील गंजतं, म्हणून त्यासाठी जुना ओव्हन राखून ठेवा. शेवटी मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत) मिनिटाला १ अंश या वेगाने ३५० अंश, तिथे चार तास, हवेत. क्रुसिबल (भट्टीत ठेवायची मूस) भरून ठेवू नका. पॉलिमर जळताना स्वतःच उष्णता देतो आणि आतलं तापमान दाखवलेल्या आकड्याच्या पुढे जातं. पावडर तपकिरी राहिली तर कार्बन उरलाय. तो घालवायला तापमान एकदम ५०० वर नेण्याचा मोह टाळा: अ‍ॅनाटेजचे (टायटानियाच्या एका स्फटिकरूपाचे) स्फटिक छिद्रांच्या भिंतीपेक्षा मोठे झाले की रचना कोसळते. वेळ वाढवा, थर पातळ करा.

तपासणीत एक्स-रे विवर्तन लहान कोनात, २θ (किरण वळण्याचा कोन) ०.५ ते ३ अंशांत घ्या. तांब्याच्या एक्स-रे किरणांनी ०.९ अंशाला शिखर आलं तर छिद्रांच्या रांगांमधलं अंतर ९.८ नॅनोमीटर. छिद्रांचा आकार मोजणाऱ्या नायट्रोजन शोषण चाचणीआधी नमुना निर्वातात १५० अंशांना नीट वाळवा. छिद्रांच्या आकाराच्या आलेखात ३.८ नॅनोमीटरला टोकदार शिखर दिसलं तर आधी संशय घ्या. सापेक्ष दाब ०.४२ च्या आसपास द्रव नायट्रोजन अचानक बाहेर पडतो, आणि डीसॉर्प्शनच्या (वायू बाहेर पडतानाच्या) बाजूने गणित केलं की हे खोटं शिखर येतं. अ‍ॅडसॉर्प्शनच्या (वायू शोषला जातानाच्या) बाजूने पुन्हा काढा. तिथे ते टिकलं नाही तर प्रबंधात त्याला छिद्राचा आकार म्हणू नका.