सिंगल-डोस ग्राइंडर: वजन जुळले, चव जुळेना

कॉफीच्या दोन सिंगल-डोस (एका वेळेपुरतेच दाणे टाकून दळणाऱ्या) ग्राइंडरमधील ६३ मिमी शंकूच्या आणि ६४ मिमी सपाट बर्‍सची (दाणे दळणाऱ्या दातेरी पात्यांची) तुलना या नोंदीत पूर्ण व्हायची होती. ती अडली आहे. पण जिथे अडली, तिथेच सर्वांत उपयोगाची गोष्ट हाती लागली.

१८ ग्रॅम दाणे टाकले की दोन्ही ग्राइंडरमधून १८ ग्रॅमच पूड मिळते, त्यामुळे रिटेन्शन (आत पूड अडकून राहणे) नाहीच, असे आपण धरून चालतो. तरीही सपाट बर्‍सवर दाणे बदलल्यानंतरचा पहिला एस्प्रेसो शॉट दर वेळी गढूळ लागत होता. अखेर चिकमगळूरचे गडद भाजलेले दाणे दळून लगेच हलक्या भाजणीचे दळले आणि ती पूड पांढऱ्या बशीत पसरली. फिकट तांबूस पुडीत काळसर कण विखुरलेले स्पष्ट दिसत होते. म्हणजे जेवढी नवी पूड आत अडकते तेवढीच जुनी बाहेर पडते, आणि वजनकाट्याला हा बदल कधीच कळत नाही. शंकूच्या बर्‍सच्या पुडीत असे कण शोधूनच काढावे लागले.

बेलोज (हवेच्या झोताने अडकलेली पूड बाहेर ढकलणारा भाता) जोरात दाबल्याने फरक पडला नाही. माझ्या मते या उपकरणाचे कौतुक जरा जास्तच होते. च्यूटच्या (पूड बाहेर पडण्याच्या मार्गाच्या) तोंडाशी स्थिर विद्युतभारामुळे चिकटलेला थर मात्र दाण्यांवर पाण्याचा हलका फवारा मारताच जवळपास नाहीसा झाला. ओरेगॉन विद्यापीठातील ख्रिस्तोफर हेंडन यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात दाखवले होते की पाण्यामुळे दळताना निर्माण होणारा भार घटतो, पुडीच्या गुठळ्या कमी होतात आणि त्याच दळणावर एस्प्रेसो सावकाश व अधिक दाट उतरतो. येथेही तेच झाले: दळण न बदलता शॉट इतका रेंगाळला की दळण भरड करण्यासाठी बर्‍स थोडे दूर करावे लागले. त्यानंतर मात्र २८ सेकंदांत ३६ ग्रॅमचा जो शॉट उतरला, त्यात संत्र्याच्या सालीचा स्वाद अगदी स्वच्छ जाणवला आणि तो कप गार होईपर्यंत टिकला.

पाण्याने शॉटची वेळ बदलत असेल, तर अंदाजाने मारलेल्या फवाऱ्यावर दोन ग्राइंडरची तुलना टिकणार नाही. हे लिहिता लिहिताच ठरवले की फवारणीची बाटली बाजूला ठेवून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाणी मोजूनच घालावे आणि दाणे बदलल्यावर पहिला डोस फेकून द्यावा. दाणेही एकाच भाजणीचे हवेत. पाकिटावर भाजल्याची तारीख न छापणाऱ्या रोस्टरचा माल अशा चाचणीत घेऊच नये. एसएसपी या कंपनीचे बर्‍स मागवण्याचा बेत तोवर पुढे ढकलला आहे. आधी मूळ बर्‍सवरच, मोजलेल्या पाण्यासह आणि पाण्याविना, दोन्ही ग्राइंडरचे शॉट शेजारी ठेवून चाखायचे आहेत.