पाईन व्हॅलीचा लीप

डेली सोपमध्ये लीप, म्हणजे कथेची काही वर्षांची एकदम उडी, सहसा दोनच कारणांनी येतो. एक तर टीआरपी पडलेला असतो, नाहीतर हिरॉईन मालिका सोडून निघालेली असते. 'ऑल माय चिल्ड्रन' या अमेरिकन मालिकेने २०१३ साली पाच वर्षांचा लीप घेतला तो तिसऱ्याच कारणाने. मालिकेला टीव्ही सोडून इंटरनेटवर राहायला जायचं होतं.

सध्या माझ्याकडे असंच काम आलंय. एका जुन्या, लांबलचक मालिकेची वेबसाठी नव्याने मांडणी करायची, तीही निम्म्या वेळात आणि निम्म्या माणसांत. त्यामुळे हे अमेरिकन प्रकरण मी पुन्हा उकरून काढलं.

ॲग्नेस निक्सन यांची ही मालिका एबीसी वाहिनीवर जानेवारी १९७० मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०११ मध्ये बंद पडली. शेवटच्या भागात सगळं गाव पार्टीला जमलेलं, जेआर चँडलर हे पात्र बंदूक रोखतं, पडदा काळा होतो आणि गोळीचा आवाज. कुणाला लागली? कळायला जवळपास दोन वर्षं गेली. प्रॉस्पेक्ट पार्क नावाच्या कंपनीने हक्क घेतले, मधेच बेत गुंडाळला, पुन्हा उलगडला, आणि २९ एप्रिल २०१३ ला मालिकेतलं पाईन व्हॅली हे गाव ह्युलू आणि आयट्यून्स या इंटरनेट सेवांवर परत वसलं. जोडीला एबीसीचीच 'वन लाइफ टू लिव्ह'. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डच्या एकाच स्टुडिओत दोन्ही मालिका आळीपाळीने शूट होत. खर्च वाचवायची ही युक्ती आमच्याकडच्या कुठल्याही प्रॉडक्शनवाल्याला ऐकूनच आवडेल.

तासाभराचा भाग अर्ध्या तासाचा झाला. गंमत म्हणजे यात नवं काही नव्हतं. मालिका जन्मली तीच अर्ध्या तासाची, १९७७ साली तिचा तास झाला. पण परतीचा रस्ता तितका सरळ नसतो. तासाची सवय लागलेल्या मालिकेत काय साठलेलं असतं, ते कापायला बसल्यावरच दिसतं.

सगळ्यात जास्त साठलेलं असतं ते म्हणजे पुन्हा सांगणं. सोमवारी नवऱ्याचं लफडं उघड होतं. मंगळवारी बायको ते बहिणीला सांगते, बुधवारी बहीण आईला, गुरुवारी आई डॉक्टरला. टीव्हीवर याला पर्याय नव्हता, कारण मंगळवार चुकलेला प्रेक्षक बुधवारी सापडायला हवा. वेबवर कुणाचं काहीच चुकत नाही, मागचा भाग एका क्लिकवर. तेव्हा हे सीन उडवा, असं कुणीही सांगेल. मीही पहिल्या दिवशी लाल पेन घेऊन तेच करत सुटले.

आता नीट बघा. बहीण, आई आणि डॉक्टर या तिघांना दुसरं काम काय होतं? कुणीतरी येऊन सांगतं, आपण 'काय म्हणतेस!' म्हणायचं. सहायक पात्रांची अर्धी जिंदगी या ऐकण्यात जाते आणि प्रेक्षक त्यांच्यावर जीव लावतो तोही त्याच सीनमध्ये. लफडं ज्याचं त्याचं असतं. ते ऐकून पाईन व्हॅलीतली ओपल काय बोलणार याची वाट बघायची मजा वेगळी. हे पुन्हा सांगणं, म्हणजे रीकॅप, काढला की ओपल बेकार. कास्ट कमी करायची म्हणजे नुसती बजेटची यादी नव्हे, हे मला तिथे कळलं. आधी ठरवायचं की बातमी ऐकणारं कोण राहणार.

पाईन व्हॅलीच्या लेखकांनी यावर काढलेला तोडगा मला चोख वाटतो. जेआरला त्यांनी पाच वर्षं कोमात ठेवलं आणि नव्या मालिकेत जागं केलं. आपण सगळे कोमाला हसतो, मीही हसते, आणि दोनदा वापरलाय. पण इथे त्याचा उपयोग बघा. जागा झालेला माणूस विचारणारच, काय काय झालं? कोण जिवंत आहे? माझा मुलगा कुठाय? नवा प्रेक्षक नेमका याच प्रश्नांवर अडकलेला असतो. म्हणजे रीकॅप राहिला, फक्त तो एका माणसाच्या दुःखाला चिकटून आला. शिवाय जेआरच्या भूमिकेत नट नवा, रायन बिटल. पाच वर्षं अंथरुणावर काढलेल्या माणसाचा चेहरा बदललेला चालून जातो! (पूर्वी जेकब यंग होता.)

मुलांना मोठं करणं हे मात्र मला पटलं नाही. मिरांडा आणि जेआरचा मुलगा एजे यांना पाळण्यात पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर ती दोघं हायस्कूलमधली म्हणून उभी राहिली. सोपमध्ये मुलं भराभर वाढतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवीन माध्यम म्हणजे तरुण प्रेक्षक, तरुण प्रेक्षक म्हणजे तरुण पात्रं, हे गणित फारच सरधोपट आहे. मालिका पेलली ती अँजी आणि जेसी या जुन्या जोडप्याने. डेबी मॉर्गन आणि डार्नेल विल्यम्स १९८०च्या दशकापासून ही जोडी करत होते. अँजीची मुलगी कसांड्रा देहविक्रीच्या टोळीच्या हाती लागते, हा त्या काळातला सगळ्यात जड ट्रॅक, म्हणजे उपकथानक, आणि तो सुसह्य होतो कारण या दोघांना आपण कितीतरी वर्षं ओळखतो. नव्या जोडप्याला हा ट्रॅक दिला असता तर ती पोलिसी मालिका झाली असती.

आणि एरिका केन. ती भूमिका करणारी सुझन लुची आली नाही. चाळीसहून जास्त वर्षं जिच्याभोवती गाव फिरलं ती बाईच नाही, आणि कुणी तिच्या जागी दुसरी नटी उभी केली नाही, हे शहाणपणाचं. मुलगी बियांका आली, नात मिरांडा होती. एरिकाची खुर्ची मोकळी असल्याचं दोघींकडे बघून कळायचं.

कथा सावरली, पण वेळापत्रकाने घात केला. सुरुवातीला आठवड्याला प्रत्येकी चार नवे भाग आणि शुक्रवारी पडद्यामागचा कार्यक्रम. काही आठवड्यांतच चाराचे दोन केले, कारण लोक भाग साठवून एकदम बघत होते आणि मागे पडत होते. लिहिलेलं मात्र रोजच्या हुकवर. प्रत्येक भागाच्या शेवटी दचकवायचं, आणि प्रेक्षक तर चार भाग एका बैठकीत बघतोय. सलग चारदा दचकलेला माणूस पाचव्यांदा जांभई देतो. या चुकीचं बिल पटकथेच्या नावावर फाडलं गेलं, असं माझं मत.

'वन लाइफ टू लिव्ह'चं दुखणं आणखी वेगळं. तिची काही पात्रं एबीसीने मधल्या काळात आपल्याच 'जनरल हॉस्पिटल' या मालिकेत वापरली होती, त्यातल्या दोघांना तिथे मारूनही टाकलं. प्रॉस्पेक्ट पार्क कोर्टात गेली. मग रॉजर हॉवर्थ, क्रिस्टन ॲल्डरसन आणि मायकल ईस्टन हे तिघे 'जनरल हॉस्पिटल'मध्येच राहिले, पण वेगळ्या नावाची, वेगळीच माणसं होऊन. हॉवर्थ कालपर्यंत टॉड होता, आज फ्रँको. सोपच्या प्रेक्षकाने हेही पचवलं.

दोन्ही मालिका त्याच वर्षी आटोपल्या.

माझ्या मालिकेच्या यादीत सध्या शेजारीण राहिली आहे आणि धाकटा दीर गेला आहे. दिराला ट्रॅक होता, दोन अफेअर आणि एक खून, पण त्याला कुणी येऊन काही सांगत नसे. शेजारणीला स्वतःचा ट्रॅक कधीच नव्हता, पण घरातला प्रत्येक जण तिच्याच ओट्याशी येऊन बोलायचा. लीप किती वर्षांचा यावर मात्र एकमत नाही. मला तीन हवीत, प्रोड्यूसरला दहा, आणि चॅनलचं म्हणणं की लीप घ्या पण कुणी म्हातारं दिसायला नको.